‘आम्ही जात बघतच नाही’ एवढं पुरतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: साताऱ्याच्या एमआयडीसीत साठेक माणसांचा कारखाना आहे, भरतीत जात कुणी बघत नाही. मग अमेरिकेत ‘कलरब्लाइंड’ म्हणजे वर्ण न बघण्याच्या भूमिकेवर एवढी टीका का होते, आणि ती आपल्याला लागू पडते का?

पडते. माणूस निवडताना न बघणं चांगलं, पण निवड झाल्यावर कुणाकुणाला घेतलं याचा हिशेब तपासतानाही न बघणं घातक. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं. निवडताना सगळं कळत असतं, आणि हिशेबाची वेळ आली की ‘आम्ही बघत नाही’ म्हणून विषय मिटवला जातो.

अमेरिकेत १८९६ साली प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात सुप्रीम कोर्टाने गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळे रेल्वे डबे वैध ठरवले. न्या. हार्लन एकटे विरोधात गेले आणि आपली राज्यघटना वर्ण बघत नाही, असं त्यांनी लिहिलं. पण त्याच परिच्छेदात प्रतिष्ठा, शिक्षण, संपत्ती आणि सत्ता यांत गोरेच वरचढ आहेत आणि पुढेही राहतील, असंही त्यांनी म्हटलं. म्हणजे कायद्याने डोळे मिटायचे आणि उतरंड आहे तशी राहू द्यायची. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतला भेदभाव बेकायदा झाला, तरी २००१-०२मध्ये संशोधकांनी बोस्टन आणि शिकागोत सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले बनावट अर्ज पाठवले तेव्हा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांकडे असेच अर्ज पाठवले. २००७च्या त्यांच्या लेखानुसार दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावापेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी होती. यातल्या किती कंपन्यांनी ‘आम्ही जात बघतो’ असं कबूल केलं असतं?

आपल्या भागात आडनाव झाकूनही भागत नाही. पवार, जाधव, मोरे ही आडनावं अनेक जातींत आहेत. म्हणून मुलाखतीत चहा येईपर्यंत सहज विचारलं जातं, ‘गाव कुठलं? कुणापैकी? पाव्हणं कुठं?’ विचारणाऱ्याला वाटतं, आपण ओळख काढतोय. समोरच्या पोराला मात्र पक्कं कळतं की काय तपासलं जातंय. हे तीन प्रश्न मुलाखतीतून काढून टाका. सगळ्यांना तेच कामाचे प्रश्न, त्याच क्रमाने विचारा.

त्याआधीची गळती मोठी असते. जागा निघाली की सुपरवायझर भाच्याला सांगतो, मेव्हण्याला सांगतो आणि दोन दिवसांत जागा भरते. जात कुणी विचारली नाही, पण नात्यागोत्यातूनच भरती झाली. तेव्हा जाहिरात किमान आठ दिवस आयटीआयच्या फलकावर आणि आसपासच्या ग्रामपंचायतींत लावा, गावठाणाबाहेरच्या वस्त्यांपर्यंतही पोचवा. आलेल्या अर्जांवरचं नाव, फोटो, गाव आणि शाळा झाकून क्रमांक टाका. हे काम निवड न करणाऱ्या माणसाकडे द्या. गुणांची वाटणी अर्ज उघडण्याआधी ठरवा. फिटर असेल तर प्रात्यक्षिक ६०, मोजमाप २०, सुरक्षितता २०. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, मगच एकमेकांचे कागद बघायचे.

झाकण्यालाही मर्यादा आहे. फ्रान्समध्ये २०१०-११च्या प्रयोगात नावं झाकलेले अर्ज दिले, तर स्थलांतरित घरांतल्या उमेदवारांना मुलाखती उलट कमी मिळाल्या. प्रयोगात स्वखुशीने आलेल्या कंपन्या एरवी अर्जातला खंड किंवा कमी अनुभव समजून घेत होत्या. नाव झाकल्यावर ते जमेना. म्हणून ‘मध्ये दोन वर्षं काम नव्हतं’ एवढ्यावर अर्ज बाजूला काढू नका.

आता हिशेब. तो टाळला तर बाकीचं सगळं फुकट. अर्जासोबत वेगळी, ऐच्छिक चिठ्ठी ठेवा. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास, खुला यांपैकी एकावर खूण करायची, वर फक्त क्रमांक. चिठ्ठ्या निवड करणाऱ्यांच्या हाती जाऊ देऊ नका आणि कुणाच्याही वैयक्तिक फायलीत लावू नका. वर्षाअखेरीस अर्ज आले किती, बोलावले किती, घेतले किती, सुपरवायझर झाले किती, हे गटवार मांडा. पाचपेक्षा कमी माणसांचा गट वेगळा दाखवू नका, नाहीतर माणूस ओळखू येतो. अर्जच आले नाहीत तर दोष जाहिरातीत. अर्ज आले पण निवड नाही, तर परीक्षा तपासा. घेतले पण बढती नाही, तर शॉपफ्लोअरवर बघा. तुलनेसाठी २०११च्या जनगणनेत अनुसूचित जाती-जमातींचे तालुकावार आकडे मिळतात. बाकीच्या जातींची मोजणी १९३१नंतर झालेल्या जनगणनांतून मिळत नाही, त्यामुळे तिथे एका वर्षाची दुसऱ्याशीच तुलना करावी लागते.

हे सगळं तुमच्या मर्जीवर आहे, कारण खासगी कारखान्याला भरतीतलं आरक्षण लागू नाही. पण ‘मोजलं की जात वाढते’ हे मला अजिबात पटत नाही. याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढलं, तेव्हा वेगवेगळ्या जातींची मुलं मुद्दाम एका छपराखाली, एका पंगतीला आणली. जातीकडे डोळेझाक करून ते झालंच नसतं.

आणि जेवणाच्या सुट्टीत एकदा कँटीनमध्ये जाऊन बसा. डबे कोण कुणासोबत उघडतं, भाजी कुणाच्या डब्यातली घेतली जाते आणि कुणाच्या डब्याला हात लागत नाही, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. असं काही दिसलं तर त्या कामगाराला सगळ्यांसमोर विचारू नका. आधी सुपरवायझरला बाजूला घ्या आणि बसण्याची, पाण्याची व्यवस्था त्याच आठवड्यात बदला.