अंदमानच्या किनाऱ्यावर वाळूत घोळीसारखी भाजी दिसली, ती खाता येते का?

खाता येते की, पण आपण घरी घोळ करतो तशी सरळ फोडणीला टाकली तर घास गिळवणार नाही इतकी खारट लागते. जाड पानं, लालसर दांडा आणि बारकं गुलाबी फूल असेल, तर ती सी पर्सलेन, शास्त्रीय नाव सेसुव्हियम पोर्टुलॅकॅस्ट्रम. आपल्या घोळीला पिवळं फूल येतं आणि तिचं कुळपण वेगळं.

मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा. दाजींचं तमिळनाडूत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे, त्यांच्याकडं गेलो की रामेश्वरला जाणं होतं, तिथं वाळूत ही मस्त पसरलेली असते. पान चावलं की कचकन फुटतं आणि तोंडभर खारं पाणी. ते मीठ ती पानातच साठवून ठेवते, म्हणून तर खाऱ्या पाण्यात तग धरते.

करायची तर नुसते कोवळे शेंडे खुडायचे, कारण जुना दांडा पेरापेराला मुळं धरतो आणि तिथली वाळू कितीपण धुतली तरी भाकरीबरोबर दाताखाली येतेच. मग उकळायची, पाणी फेकायचं, परत नवीन पाण्यात उकळायची, त्यानं मीठ उतरतं आणि मुतखड्याला कारण होणारं ऑक्झलेटपण कमी होतं, तरी मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी नकोच. नंतर लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, आणि वरून मीठ अजिबात नाही. फिलिपाईन्समध्ये हिला दाम्पालित म्हणतात, तिकडं व्हिनेगरमध्ये लोणचं घालतात.

दांडा मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती ही नव्हे, टाकून द्या. बंदर, गटार, बोटींचं डिझेल असल्या जागेची तर फुकट मिळाली तरी घेऊ नका, ही मातीतले शिसं, कॅडमियम असले विषारी धातूसुद्धा ओढून घेते. आणि अंदमानातल्या वंडूरच्या मरीन नॅशनल पार्कमधलं पानही तोडायचं नाही.

मला हिच्यात खरा इंटरेस्ट आहे तो वेगळ्याच कारणानं. आमच्या जिल्ह्यात वाळवा, मिरज पट्ट्यात उसाला पाणी देऊन देऊन किती रानं क्षारपड झालीत बघा, पांढरी फटक. तमिळनाडूत अशा जमिनीत ही लावायचे प्रयोग झालेत, ती मीठ ओढते आणि कापून बाहेर नेली की तेवढं मीठ रानातनं जातं. आपल्याकडं कुणीतरी वाफाभर लावून बघायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, फक्त आधी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून पाण्याचा निचरा करा, नाहीतर खालनं पाणी वर येतच राहणार आणि मीठपण.