आधी हिशोब, मग साखरपुडा

नमस्कार ताई,

आम्ही चौदा वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगा अकरावीत, शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारा. अभ्यासात चांगला आहे, पण अगदी पहिल्या पाचांतला नाही. गेल्या महिन्यात एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजच्या कोचचा ईमेल आला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. त्या कॉलेजात सगळे मिळून दीड हजारही विद्यार्थी नाहीत. इंजिनिअरिंग नाही. ह्यांचं म्हणणं, ज्याचं नाव कोणी ऐकलं नाही तिथे वर्षाला नव्वद हजार डॉलर कशाला घालायचे? खेळाची स्कॉलरशिप देत असतील तर बघू. दादरहून सासरे फोनवर म्हणाले, “चेंडूफळीच करायची होती तर शिवाजी पार्क काय वाईट होतं?” आम्ही एच-वन ह्या नोकरीच्या व्हिसावर, मुलगा त्याच्याच जोडीने मुलांना मिळणाऱ्या एच-फोरवर, ग्रीन कार्डच्या रांगेत. काय करावं?

— एक आई

तुमच्या ह्यांच्या अटीपासूनच सुरुवात करते, कारण ती पुरी होणं जवळपास अशक्य आहे. अशी छोटी कॉलेजं बहुतेक एनसीएए ह्या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या तिसऱ्या गटात, डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात, आणि डिव्हिजन थ्रीत खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. नियमच तसा आहे. कोच कितीही गोड बोलला तरी त्याच्या खिशात पैसे नाहीत. मदत मिळते ती घरच्या परिस्थितीवर किंवा मार्कांवर, आणि ती ठरवतं फायनान्शियल एडचं ऑफिस. मोठ्या विद्यापीठांतही चित्र आपण समजतो तितकं गुलाबी नव्हतं. डिव्हिजन वनच्या बेसबॉल टीमला २०२५ पर्यंत सगळ्या खेळाडूंत मिळून ११.७ स्कॉलरशिपा वाटायची मुभा होती. आख्ख्या टीमला मिळून पावणेबारा! म्हणजे पूर्ण फी माफ झालेला बेसबॉलपटू तिथेही क्वचितच.

मग कोचकडे असतं काय? ॲडमिशन ऑफिसात त्याच्या शब्दाला वजन असतं. दीड-दोन हजारांच्या कॉलेजात बेसबॉलचीच तीस-पस्तीस मुलं असतात. टीम टिकायची तर दर वर्षी आठ-दहा नवीन हवीत, आणि त्यांची नावं कोच पुढे करतो. ह्या देशात ह्याला वशिला म्हणत नाहीत, म्हणून आपणही म्हणू नये.

ही पद्धत आपल्याला नवखी वाटते, पण खरं तर आपल्याइतकी चटकन ती दुसऱ्या कोणाला कळणार नाही. अकरावी संपली की जुलैपासून कोच मुलाचे मार्क आणि प्रवेशपरीक्षेचे स्कोअर ॲडमिशनवाल्यांना दाखवतो. ते बघून सांगतात, जुळतंय किंवा नाही. ह्याला प्री-रीड म्हणतात. आपलं पत्रिका बघणं. मग मुलगा कॅम्पसवर एक रात्र राहून येतो, टीमच्या पोरांबरोबर जेवतो. हे कांदेपोहे. दोन्हीकडून पसंती आली की कोच म्हणतो, अर्ली डिसिजनने अर्ज कर, मी तुझ्यासाठी शब्द टाकतो. हा साखरपुडा. अर्ज साधारण नोव्हेंबरच्या मध्यात, उत्तर डिसेंबरच्या मध्यात. त्या कागदावर मुलाची, एका पालकाची आणि शाळेच्या काउन्सेलरची सही असते, की प्रवेश मिळाला तर बाकी सगळे अर्ज मागे घेऊन आम्ही इथेच येऊ.

आणि आपल्याकडची माणसं हिशोबाला बसतात ती साखरपुड्यानंतर.

माझ्या भाच्याच्या वेळी हेच झालं. जावईबापू डिसेंबरपर्यंत “होईल काहीतरी” म्हणत राहिले. पोराला प्रवेश मिळाला, घरात पेढे वाटले, आणि दोन दिवसांनी मदतीचा आकडा नीट वाचला. अपेक्षेच्या निम्मासुद्धा नव्हता. कारण नाशिकचा फ्लॅट. सीएसएस प्रोफाइल नावाचा जो फॉर्म मदतीसाठी बरीच खासगी कॉलेजं मागतात, त्यात राहत्या घराशिवायची मालमत्ता विचारतात, मग ती कुठल्या का देशात असेना. फ्लॅटमध्ये भाडेकरू होता, भाडं किरकोळ, विकायचा विचारही नाही. पण कागदावर तो ऐवज. तीन दिवस त्या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. मदत पुरत नसेल तर अर्ली डिसिजनच्या शब्दातून सुटता येतं हे खरं, पण तोवर दिलेला शब्द, कोचने दुसऱ्या पोराला दिलेला नकार, आणि सतरा वर्षांच्या मुलाचा चेहरा. शेवटी त्यांनी घरावर कर्ज काढलं.

म्हणून तुमचं काम आत्ता, मार्चमध्ये सुरू होतं. आणि तुमच्या बाबतीत त्यात एक गाठ आहे, ती म्हणजे एच-फोर. एच-फोरवरच्या मुलाला सरकारी मदत मिळत नाही. शाळा इथेच झाली असली तरी पुष्कळ कॉलेजं मदतीच्या बाबतीत त्याला परदेशी विद्यार्थ्यांच्या गटात टाकतात, आणि त्या गटात बऱ्याच ठिकाणी “मदत मागितली” ही गोष्ट प्रवेशाच्या निर्णयात मोजली जाते. सगळीकडे असं नाही. मॅसॅच्युसेट्सचं ॲमहर्स्ट आणि मेनचं बोडन ही दोन छोटी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही ऐपत न बघता प्रवेश देतात आणि मग लागेल तेवढी मदत पुरी करतात. पण तिथे आत शिरणं किती अवघड, ते वेगळं सांगायला नको.

कॉलेजांच्या वेबसाइटवर खर्चाचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटर असतो. त्यावर विसंबू नका. तो नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी बनवलेला असतो. फायनान्शियल एड ऑफिसला सरळ ईमेल करा: आमचा मुलगा एच-फोरवर आहे, इथल्या हायस्कूलमधून पास होतोय, तुम्ही त्याला कुठल्या गटात धरता, आणि मदत मागितल्याने प्रवेशावर परिणाम होतो का? उत्तर लेखी घ्या. कोचला हे विचारू नका. त्याला माहीत नसतं, आणि तो भला माणूस असेल तर सांगूनही टाकेल, “काळजी करू नका.”

आणखी एक. एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतो, म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा, करून घ्यावा लागेल. एच-फोरवर असेपर्यंत त्याला कॅम्पसवर लायब्ररीत पुस्तकं लावायचीही नोकरी करता येणार नाही, म्हणून हातखर्चाचा हिशोबही तुमच्याच वहीत. कॉलेजनंतर एफ-वनवाल्याला एक वर्ष काम करता येतं. विषय स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणितात, मोडत असेल तर आणखी दोन वर्षं. इथे “इंजिनिअरिंग नाही” म्हणून लगेच घाबरू नका. गणित, फिजिक्स, कॉम्प्युटर सायन्स अशा कॉलेजांत असतात, आणि बऱ्याच ठिकाणी इकॉनॉमिक्सची नोंदही आता स्टेमखाली केलेली आहे. प्रत्येक विषयाला एक सरकारी सीआयपी कोड असतो, तो रजिस्ट्रारकडे विचारा. आणि व्हिसाचं सगळं वकिलाकडून तपासून घ्या. माझ्यासारखीच्या सदरावरून नव्हे.

आता “नाव कोणी ऐकलं नाही” ह्याबद्दल. कोणी म्हणजे कोणी? आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपने ऐकलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्या देशात राहतो तिथल्या कॉलेजांची आपली यादी हैदराबादच्या कोचिंग क्लासच्या भिंतीवरची असावी हे मला अजून पटत नाही. ह्या कॉलेजांत दोनशे पोरांच्या हॉलमध्ये टीए, म्हणजे प्रोफेसरांचा मदतनीस विद्यार्थी, शिकवत नाही. पंधरा-वीस जणांच्या वर्गात प्रोफेसर स्वतः शिकवतात आणि तुम्ही गैरहजर राहिलात तर त्यांना कळतं. काहींना हे मानवतं, काहींना गुदमरायला होतं. तुमचा मुलगा ह्यांतला कुठला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आजोबांसाठी मात्र माझ्याकडे मसाला आहे. अमेरिकेत दोन कॉलेजांमधला पहिला बेसबॉल सामना झाला तो ॲमहर्स्ट आणि विल्यम्स ह्या दोन छोट्या कॉलेजांत. १ जुलै १८५९, मॅसॅच्युसेट्समधलं पिट्सफील्ड गाव. मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. ॲमहर्स्टने ७३-३२ असा विजय मिळवला, आणि त्याच भेटीत बुद्धिबळातही विल्यम्सला हरवलं. त्याच पिट्सफील्डमध्ये १७९१ साली एक नियम केला होता: प्रार्थनागृहाच्या ऐंशी यार्डांच्या आत बेसबॉल खेळायचा नाही, काचा फुटतात. दादरच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ह्याहून ओळखीचं काही असेल असं वाटत नाही.

शिवाजी पार्कचा विषय निघालाच आहे तर फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्ड कॉलेजचंही सांगा. विद्यार्थी जेमतेम चौदाशे. तिथे बेसबॉल आहेच, पण क्रिकेटसुद्धा आहे; एकोणिसाव्या शतकापासून. कॉलेज अभिमानाने सांगतं की अमेरिकेतली व्हर्सिटी, म्हणजे कॉलेजची अधिकृत, क्रिकेटची टीम फक्त आमच्याकडे. क्रिकेटवरच्या पुस्तकांचा वेगळा संग्रहही आहे. नातवाला बघायला जाताना आजोबांना तिकडे एक फेरी घडवा, मग बेसबॉलला चेंडूफळी म्हणतात का बघू.

आणि छोटं कॉलेज म्हणजे पोरखेळ, असंही नाही. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजने २००८ साली ४६ सामन्यांत ४५ जिंकून डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. तरी तिथून थेट मेजर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पायरीवर, जाणारा मुलगा दुर्मिळच. खेळाच्या कचेरीत जाणारे मात्र निघतात. मेजर लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्स टीमचे माजी जनरल मॅनेजर नील हंटिंग्टन ॲमहर्स्टचे, त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर आलेले बेन चेरिंग्टनही ॲमहर्स्टचे. भालाफेक करणाऱ्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ह्या दोन भारतीय पोरांना २००८ मध्ये पायरेट्सने करारबद्ध केलं, ते हंटिंग्टन तिथे असतानाच. तुमचा मुलगा आकडेमोडीत रमणारा असेल तर हे त्याच्या कानावर असू द्या.

आता त्या ईमेलबद्दल. कोचचे ईमेल दोन प्रकारचे असतात. एकात मुलाचं नाव असतं आणि खाली उन्हाळी कॅम्पची लिंक असते. तसे शेकड्यांनी जातात, त्या कॅम्पच्या फीवर असिस्टंट कोचचा पगार निघतो म्हणतात. दुसऱ्यात कोचने त्याला पिचिंग करताना बघितलेलं असतं आणि तो काहीतरी नेमकं लिहितो, “तिसऱ्या इनिंगमधला तुझा चेंजअप आवडला” असं. तुमच्याकडे आलेला कुठला, ते आधी बघा. दुसरा असेल तर मुलाने फोन करून विचारावं: माझ्या वर्षात किती पिचर घेताय? प्री-रीड कधी करणार? आणि तो नीट आला तर तुम्ही ॲडमिशनकडे माझं नाव देणार का? ह्या शेवटच्या प्रश्नाला “तू अर्ज केलास तर आम्हाला आनंदच होईल” असं उत्तर आलं, तर ते “कळवतो” आहे. वधूपक्षाला “कळवतो” म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे.

फोन मुलानेच करायचा. शेजारी बसून खुणा करायच्या नाहीत. वडिलांनी केलेला फोन कोचला आवडत नाही, आणि तुमचे हे फोनवर पहिलाच प्रश्न पैशाचा विचारतील अशी मला भीती आहे.

उन्हाळ्यात शोकेसच्या, म्हणजे कॉलेजच्या कोचांसमोर खेळून दाखवायच्या मेळाव्यांच्या, नादात त्याचा हात मात्र सांभाळा. सतरा-अठरा वर्षांच्या पिचरने एका दिवसात १०५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत आणि ८० च्या वर गेला तर पुढे चार दिवस विश्रांती, असं मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने मिळून ठरवलेलं आहे. शनिवारी एका कोचसमोर, रविवारी दुसऱ्यासमोर, असं करणारे पालक मी पाहिलेत. कोपराचं ऑपरेशन झालं की किमान वर्ष गेलं. मुलाला एवढंच विचारा: पहिल्याच महिन्यात कोपर गेलं, किंवा हा कोच दुसरीकडे गेला, तर तुला त्या गावात चार वर्षं राहायला आवडेल का? उत्तराची घाई करू नका. दोन दिवस घेऊ द्या.

आणि एका शनिवारी गाडी काढून तिथे जाऊन या, कोचला न कळवता. सध्या मोसम सुरू आहे, शनिवारी बहुतेक एकामागोमाग दोन सामने असतात. माझ्या भाच्याच्या पहिल्या वर्षी मी अशीच गेले होते. प्रेक्षक मोजून साठ, त्यातले निम्मे आईबाप, एक कुत्रा. वारा असा की थर्मासमधला चहा कपात ओतेपर्यंत थंड. भाचा दोन्ही सामन्यांत एकदाही मैदानात आला नाही. कुंपणाला टेकून, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत, वहीत दुसऱ्याच्या प्रत्येक चेंडूची नोंद करत उभा होता. आख्ख्या मोसमात मिळून त्याने अकरा इनिंग पिचिंग केलं. सामना संपल्यावर मी जरा चाचरतच विचारलं, वाईट नाही वाटत? तो म्हणाला, “मावशी, सातला केमिस्ट्रीचा ग्रुप आहे, त्याआधी जेवूया का?”

जाताना खाली घालायला जाड सतरंजी न्या. अॅल्युमिनियमचे बाक असतात.