अवजड ट्रक उतारावर नेताना इंजिन ब्रेक कसा वापरावा? सतत वापरला तर इंजिन खराब होतं का?

नाही होत. (इंजिन ब्रेक म्हणजे गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्याच विरोधाने वेग आवरणं; बटणाने हा विरोध आणखी वाढवता येतो.) हे आधी सांगतो, कारण ‘इंजिनाला त्रास नको’ म्हणून उतारावर न्यूट्रल मारायला शिकवणारे उस्ताद आजही आहेत आणि त्यांचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं हेही खोटं. गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आजचं इंजिन डिझेल जवळजवळ पूर्ण बंद करतं; न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला ते जळतच राहतं.

हिशोब बघा. २५ टनांची भरलेली गाडी ६ टक्के उतारावर ताशी ३० किमीने उतरत असेल, तर उतार तिला सतत सुमारे १२० किलोवॅटने ढकलत असतो. वेग ६० केलात की हाच आकडा दुप्पट. इंजिन ब्रेक चालू असेल तर यातली बरीच उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. नुसता पायाचा ब्रेक धरून ठेवलात तर जवळपास सगळी चाकांतल्या ब्रेकच्या ड्रममध्ये. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून (ड्रमवर घासणाऱ्या पट्ट्यापासून) लांब जातो, पुशरॉडचा (ब्रेक ढकलणाऱ्या दांड्याचा) स्ट्रोक वाढतो, वर तापलेल्या लायनरची पकडही सुटते. ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा ठीक दाखवत असतो, पेडल नेहमीसारखंच लागतं, पण गाडी थांबत नाही.

म्हणून गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच घ्या. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही, आणि तो टाकायच्या नादात गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. चढताना लागला असता तो गिअर किंवा त्याच्या एक खाली, हा अंदाज जुना आहे. ताकदवान नव्या गाड्यांना एक खालचाच घ्या. कमी आरपीएमवर एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून चालणारा इंजिन ब्रेक) नावालाच लागतो. काटा वरच्या पट्ट्यात ठेवा, बऱ्याच गाड्यांत तो निळा रंगवलेला असतो. लाल पट्ट्यात कधीच जाऊ देऊ नका. इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर फक्त डिझेल तोडतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतील तर तो काही करू शकत नाही आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इंजिन खराब होतं ते असं.

तरीही वेग वाढला तर ब्रेक चाटत बसू नका. ३० ठरवले असतील तर ३० ला ठाम दाबा, तीनेक सेकंदांत २२ वर आणा आणि पाय पूर्ण उचला. हे घडीघडी करावं लागत असेल तर गिअर मोठा पडलाय. वेग २२ वर असतानाच एक गिअर खाली घ्या.

क्लच दाबलात की इंजिन ब्रेक गेलाच, हे बहुतेकांना माहीत असतं, तरी घाबरल्यावर पाय तिकडेच जातो.

ओल्या किंवा निसरड्या रस्त्यावर, विशेषतः गाडी रिकामी असताना, इंजिन ब्रेकचं बटण बंद ठेवा. तो फक्त ड्राइव्हच्या चाकांवर लागतो. ती घसरली की मागे ट्रेलर असेल तर तो ओढणाऱ्या ट्रकलाच आडवं करतो. तिथे आधीपासूनच हळू चाला. काही गाड्यांत इंजिन ब्रेकवर मागचे ब्रेकलाइट लागत नाहीत, त्यामुळे मागे कोणी चिकटून येत असेल तर पेडलला हलका स्पर्श करून दिवे दाखवा. आणि जळका वास आला तर जागा मिळताच थांबा, चाकांना ठोकळे लावा, ड्रम आपोआप निवू द्या. पाणी ओतलं तर ड्रमला तडा जातो.