मफल भट्टीत मोली वायर चालेल का?

भाऊ, निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या वायरची) कॉइल सारखी जळते आणि मोलिब्डेनमचा मेल्टिंग पॉइंट 2623 डिग्री, म्हणून वायरकटची (वायरच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या मशीनची) उरलेली मोली, म्हणजे मोलिब्डेनमची, वायर मफलमध्ये गुंडाळून 1400 ला चालवायची म्हणताय, तर नाही चालणार. वितळणार नाही ती, धूर होऊन उडून जाईल.

हवेत मोली 400 च्या आसपासच ऑक्साइड धरायला लागतं आणि 700-800 ला तो ऑक्साइड वर टिकतच नाही, वाफ होऊन निघून जातो, की खालचा धातू परत उघडा, मग तोही जातो. निक्रोम टिकतं कारण त्यावर क्रोमियम ऑक्साइडची घट्ट साय धरते, कॅन्थलवर (लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची वायर) ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची. टंगस्टन 3422 वालं असलं तरी गत तीच, जुना पिवळा बल्ब चालू असताना फुटला की फिलामेंट लगेच जातं ना, ते हेच.

मी कार्बाइड सिंटरिंगच्या (दाबलेली पूड तापवून घट्ट करायच्या) भट्टीवर होतो, तिथे ॲल्युमिनाच्या नळीवर मोलीच गुंडाळलेली, पण आत सतत हायड्रोजन. एकदा टर्मिनलच्या सीलमधून हवा शिरत राहिली, कुणाच्या लक्षात नाही आलं, उघडून बघतो तर वायर तिथे पेन्सिलच्या टोकासारखी निमुळती आणि आजूबाजूला फिकट पिवळी पूड. बाकीची वायर चांगली दिसली म्हणून सरळ करायला गेलो तर बांगडीसारखी कडकन मोडली, कारण एकदा जास्त तापली की आतले कण मोठे होतात आणि ती ठिसूळ होते. आणि हो, घरच्या मफलमध्ये हायड्रोजन सोडायचा विचारसुद्धा करू नका, स्फोट होईल.

वायरकटला ती चालते कारण तिथे कूलंटचा मारा असतो आणि ताण सोसायची ताकद लागते, 0.18 मिमीची तीच वायर ड्रमवर मागेपुढे पळवून परत परत वापरतात, ब्रास वायरसारखी एकदाच वापरून भंगारात जात नाही.

1250-1300 पर्यंत कॅन्थल ए-1 घ्या (1400 हे खुद्द वायरचं लिमिट, चेंबरचं नाही), खरंच 1400 पाहिजे तर सिलिकॉन कार्बाइडचे रॉड, नाहीतर मोली डायसिलिसाइड. त्यात मोलीच आहे, पण वर सिलिकाची काच धरते म्हणून हवेत चालतं, फक्त खिशाला जड.

आणि निक्रोम सारखी जळतेय तर थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) कॉइलपासून किती लांब आहे ते बघा आधी. मीटरवर 1100 दिसत असेल तेव्हा कॉइल 1200 च्या वर गेलेली असू शकते.