आधी दोरा ठरवा, मग काठी

लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी रॉड (म्हणजे काठी), रील (दोरा गुंडाळायचं यंत्र) आणि दोरा कसा निवडायचा, या एकाच विषयावर या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ताई, पहिला रॉड घ्यायचा आहे. जो तो 'सात फुटी, मीडियम हेवी, फास्ट' एवढंच सांगतो. याचा अर्थ काय? आणि एका रॉडवर भागेल का?

उत्तर : सल्ला बरोबर आहे, फक्त त्यात दोन वेगळ्या गोष्टी एका दमात सांगितल्या जातात. 'मीडियम हेवी' ही काठीची ताकद. ती वाकवायला किती जोर लागेल ते यावरून कळतं. 'फास्ट' हा शब्द ती कुठून वाकते ते सांगतो. फास्ट काठी शेंड्याकडेच वाकते आणि खालचा भाग ताठ राहतो. मॉडरेट काठी जवळजवळ मध्यापासून कमान धरते.

गळ रुतवायची वेळ आली की हा फरक हाताला कळतो. जिगला, म्हणजे शिशाच्या डोक्याच्या आमिषाला, एकच, जाड तारेचा गळ असतो. प्लास्टिकच्या किड्यात तर गळाचं टोक लपवलेलंच असतं. ते आधी प्लास्टिक फोडून बाहेर यायला हवं आणि मग माशाच्या जबड्यात शिरायला हवं. इथे ताठ, फास्ट काठीच हवी. क्रँकबेटला (ओढलं की डुलत बुडणाऱ्या, माशाच्या आकाराच्या आमिषाला) मात्र तीन टोकांचे बारीक गळ असतात. ते सहज रुततात, पण मासा डोकं झटकायला लागला की ताठ काठी त्यांना ओरबाडून बाहेर काढते. मॉडरेट काठी वाकते आणि तो झटका सोसून घेते.

एकच काठी घ्यायची असेल तर मीडियम हेवी, फास्ट घ्या. जिग, किडे, स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष) यांचं काम ती उत्तम करते. क्रँकबेटही त्याच काठीवर ओढायचं असेल तर दोरा नायलॉनचा लावा. तो ताणला जातो आणि काठीची उणीव बरीचशी भरून निघते.

मुठीच्या थोडं वर काठीवर बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात, ते नक्की वाचा. किती औंसाचं आमिष आणि किती पौंडाचा (म्हणजे किती पौंडांचा ताण सोसणारा) दोरा चालेल, ते तिथे दिलेलं असतं. ३/८ ते १ औंस लिहिलं असेल तर त्या दोन्हींच्या मधलं वजन फेकताना काठी सगळ्यात खुलते. 'मीडियम हेवी'चं सर्वांनी मानलेलं एकच माप नाही. एका कंपनीची मीडियम दुसरीच्या मीडियम हेवीइतकी ताठ असू शकते. म्हणून मी नावापेक्षा या आकड्यांवर भरवसा ठेवते.

प्रश्न : नायलॉन, फ्लुरोकार्बन की ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा? आणि मोठा बास लागला तर तुटू नये म्हणून थेट ६५ पौंडांचा ब्रेडच भरला तर?

उत्तर : बासचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा आहे, म्हणजे साधारण १० किलो. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी लेकमध्ये तेवढा मासा पकडला. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याच वजनाची बरोबरी केली. जुना विक्रम मोडायला किमान २ औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची नावं शेजारीशेजारी आहेत. जगातला सगळ्यात मोठा बासच एवढा असेल तर ६५ पौंडांचा दोरा माशाच्या वजनासाठी नसतो, हे उघड आहे. तो लागतो पाणवनस्पतींसाठी. दाट शेवाळाच्या थरावर रबरी बेडकाचं आमिष ओढता, बास खालून तो थर फोडून बेडूक उचलतो आणि लगेच खाली बुडी मारतो. मग मासा आणि त्याच्याभोवती गुंडाळलेलं ओझंभर गवत असं सगळं एकदम वर ओढावं लागतं. तिथे ५० ते ६५ पौंडांचा ब्रेड हवाच. मोकळ्या, नितळ पाण्यात तोच दोरा नुसता अडचण करतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. मासा कशात दडला आहे ते आधी पाहायचं, त्यावरून आमिष, आमिषावरून दोरा, दोऱ्यावरून काठी. रील सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. सगळे पैसे चकचकीत रीलवर घालतात आणि दोरा हाताला येईल तो भरतात. माशाला आणि आपल्याला जोडणारी वस्तू दोराच आहे हो!

आता तिन्हींचे स्वभाव. नायलॉनचा एकेरी दोरा, म्हणजे आपला तंगूस, पाण्यापेक्षा किंचितच जड असतो, सावकाश बुडतो आणि चांगला ताणला जातो. पाण्याच्या पृष्ठभागावर नाचवायच्या आमिषांना तो फार छान. मात्र तो पाणी शोषतो, उन्हाने कमकुवत होतो आणि स्पूलवर (रीलच्या दोरा गुंडाळायच्या चकरीवर) पडून राहिला की वेटोळी धरतो. त्यामुळे वरचेवर बदलावा लागतो.

फ्लुरोकार्बन पाण्याच्या पावणेदोन पट घन, म्हणून झटकन बुडतो. प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत तो नायलॉनपेक्षा पाण्याच्या जास्त जवळ आहे (पाणी १.३३, फ्लुरोकार्बन १.४२, नायलॉन १.५ च्या वर), त्यामुळे पाण्यात कमी उठून दिसतो. खडकावर घासला तरी बऱ्यापैकी टिकतो. तळाशी जिग किंवा किडा चालवायला मी १२ ते १५ पौंडांचा फ्लुरोकार्बनच लावते. बास आमिष चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. हाताला पुष्कळदा नुसती एक 'टक' जाणवते, कधी तीही नाही. दोरा जिथे पाण्यात शिरतो तो बिंदू फक्त बोटभर बाजूला सरकतो. तेवढ्यावर काठी उचलावी लागते. पृष्ठभागावरच्या आमिषाला मात्र हा दोरा लावू नका, तो त्याचं नाक खाली ओढतो.

ब्रेड पाण्यावर तरंगतो, जवळजवळ ताणला जात नाही आणि त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी बारीक असतो. पण पाण्यात स्पष्ट दिसतो आणि खडकाच्या धारेवर लवकर कापला जातो. त्याचा सगळ्यात चांगला उपयोग मला स्पिनिंग रीलवर (काठीखाली लटकणारं, फेकताना स्पूल न फिरणारं रील) वाटतो : १० पौंडांचा ब्रेड आणि पुढे वावभर ८ पौंडांचा फ्लुरोकार्बन जोडायचा. स्पूलवर ब्रेड भरण्याआधी तळाला थोडा नायलॉन गुंडाळा, नाहीतर सगळा ब्रेड स्पूलवर गरगर घसरतो आणि ड्रॅग (मासा जोराने ओढू लागला की दोरा सुटू देणारी रीलमधली पकड) सैल झाला आहे असंच वाटत राहतं.

प्रश्न : बेटकास्टिंग रील (काठीवर बसणारं, फेकताना स्पूल फिरणारं) घेतलं आणि पस्तावलो. प्रत्येक फेकीला गुंता. सोडून द्यावं का?

उत्तर : अजिबात सोडू नका. गुंता का होतो ते कळलं की निम्मं काम झालं. आमिष हवेत गेल्यावर मंदावत जातं, पण स्पूल आपल्याच वेगात फिरत राहतो. दोरा जितका बाहेर जातो त्यापेक्षा जास्त सुटतो आणि तोच फुगून अडकतो.

पहिलं काम बाजूच्या ताण-बटणाचं. आमिष शेंड्यापासून वीतभर खाली लोंबू द्या, अंगठ्याने स्पूल मोकळा करणारं बटण दाबा. आमिष सावकाश खाली गेलं पाहिजे आणि जमिनीला टेकताक्षणी स्पूल थांबला पाहिजे. फिरत राहिला तर ताण-बटण थोडं आवळा. आमिष बदललं की हे पुन्हा करायचं. बहुतेकांचं इथेच राहून जातं. त्यानंतर ब्रेक. सेंट्रिफ्यूगल ब्रेक स्पूल जोरात फिरतो तेव्हा, म्हणजे फेकीच्या सुरुवातीला जास्त धरतो. चुंबकाचा ब्रेक आकड्यांच्या चकतीने कमीजास्त करता येतो. दोन्हींपैकी जो असेल तो आधी जवळजवळ पूर्ण लावा आणि हात बसेल तसा थोडाथोडा कमी करा. वारा समोरून असेल तर पुन्हा वाढवा.

शिकताना हलकं आमिष नको. अर्ध्या औंसाचं, गळ नसलेलं वजन बांधून मोकळ्या मैदानावर फेका. झटका देऊन फेकू नका, काठी मागे पूर्ण वाकू द्या आणि एका लयीत पुढे आणा. अंगठा स्पूलवर पिसासारखा टेकलेला असू द्या आणि आमिष खाली टेकण्याच्या क्षणभर आधी दाबा. आणखी एक युक्ती : तुमच्या लांब फेकीएवढा दोरा बाहेर काढा, स्पूलवर उरलेल्या दोऱ्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि मग दोरा परत गुंडाळा. गुंता झाला तरी पट्टीखाली जात नाही.

झालेला गुंता नखाने उपसत बसू नका. स्पूलवर अंगठा घट्ट दाबून हँडलचे दोन-तीन फेरे द्या, मग दोरा हळूच ओढा. बरेच फास आपोआप सैल होतात. फ्लुरोकार्बनला त्यात कुठे पांढरी घडी पडलेली दिसली तर तेवढा दोरा कापून टाकाच.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला काय द्यावं?

उत्तर : साडेसहा फुटांच्या आसपासची मीडियम स्पिनिंग काठी, २५०० मापाचं रील, ८ पौंडांचा नायलॉन. फेकल्यावर रीलवरची तारेची कमान हाताने बंद करायला पहिल्या दिवसापासून शिकवा; हँडल फिरवून बंद केली की दोऱ्याला सैल वेटोळी पडतात. आणि ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहायचं नाही, त्याने दोरा पिळला जातो.

प्रश्न : ५:१, ७:१ हे गुणोत्तर बघून रील घ्यावं का?

उत्तर : बघावं. ७:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे सात फेरे. जिग किंवा किडा ओढायला रील लागत नाही, काठी लागते. रील फक्त ढिला दोरा गोळा करतं, आणि मासा तुमच्याकडेच पळत सुटला तर तो ढिलेपणा चटकन भरायला ७ च्या वरचा वेग कामी येतो. खोल जाणारं क्रँकबेट पाण्यात फार जोर करतं, त्याला ५ च्या आसपासचं रील मनगटाला सुसह्य. एकच घ्यायचं तर ६ ते ७ च्या मधलं घ्या.

प्रश्न : दोरा नवा आहे, तरी मासा लागला की गळाजवळच तुटतो. दोरा खराब म्हणायचा का?

उत्तर : तुटलेलं टोक उजेडात धरा. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालं असेल तर दोरा तुटलेला नाही, गाठ सुटली आहे. टोकाच्या वरचा भाग बोटांना खरखरीत लागत असेल तर तो कशावर तरी घासला आहे. तसं सतत होत असेल तर काठीच्या कड्या, ज्यांतून दोरा जातो त्या, तपासा. प्रत्येक कडीच्या आत कापसाचा बोळा फिरवा. तडा असेल तिथे कापसाचे धागे अडकतात.

गाठीसाठी पालोमार शिका. दोरा दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढायचा, त्या दुहेरी दोऱ्याची साधी ढिली गाठ मारायची, पुढच्या फाशातून अख्खा गळ काढायचा आणि सावकाश आवळायचं. आवळण्याआधी थुंकी किंवा पाण्याने गाठ ओली करायचीच. कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने फ्लुरोकार्बन तिथल्या तिथे कमकुवत होतो. ड्रॅगही एकदा वजनकाट्याला लावून मोजा : दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर तो सुटला पाहिजे. कापलेला दोरा पाण्यात किंवा काठावर टाकू नका. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात आणि ते तडफडून मरतात.

प्रश्न : मासा होडीशी आला आणि नवी काठी शेंड्याजवळ मोडली. काठीतच दोष असेल का?

उत्तर : असू शकतो, पण मासा होडीला लागलेला असताना काठी उभी वर केली होती का, ते आठवून पाहा. दोरा थोडाच बाहेर आणि काठी आभाळाकडे, अशा वेळी सगळा भार खालच्या जाड भागाऐवजी बोटाहून बारीक शेंड्यावर येतो. काठी ज्याची बनते तो कार्बन ताठ आणि हलका असतो, पण असा तीव्र बाक त्याला सोसत नाही. शेवटच्या टप्प्यात काठी आडवी ठेवा, थोडा दोरा सोडा आणि मासा जाळीत किंवा खालच्या जबड्याला धरून घ्या. शिशाचं वजन काठीवर आपटून पडलेला बारीक ओरखडाही पुढे अशीच मोड घडवतो, म्हणून नेताना आमिष सैल लोंबू देऊ नका. गळ तळाशी अडकला तर काठीने हिसके देऊ नका. काठी सरळ त्या दिशेला धरा आणि दोरा लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून ओढा. ब्रेड उघड्या हाताला गुंडाळला तर बोट कापतं. आणि कार्बनमधून वीज वाहते. ढग गडगडले किंवा वर विजेच्या तारा दिसल्या, की काठी खाली.