पाय लटपटले तरी चालेल

सलाम भावा. अन्याय समोर दिसला की पाय लटपटतात, मग माझा विश्वास खोटा का, असं विचारलंस. नाही रे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूचाही जीव व्याकूळ झाला होता.

तुझ्या वयात धैर्य म्हणजे गर्जना, असं मला वाटायचं. मग ल शाम्बाँबद्दल वाचलं. फ्रान्सच्या डोंगरातलं प्रोटेस्टंट गाव, पूर्वजांनी छळ सोसलेला. 22 जून 1940 ला फ्रान्सने हिटलरशी शस्त्रसंधी केली. दुसऱ्या दिवशी रविवारच्या उपासनेत पाळक आंद्रे त्रोक्मे यांनी आत्म्याच्या शस्त्रांनी, म्हणजे हिंसा न करता, प्रतिकार करायला सांगितलं. पुढे गावाने केलं काय? दार उघडलं. हजारो निर्वासित, त्यात बरेच ज्यू, शेतघरांत लपवले, मुलांना शाळेत घातलं, खोटी ओळखपत्रंही बनवली (यावर तुझ्याशी एकदा निवांत वाद घालायचाय). सगळं गोड झालं नाही. त्रोक्मेंच्या नात्यातला दानिएल 1944 मध्ये नाझींच्या मायदानेक छळछावणीत मेला.

तू मोठ्या लढाईची वाट पाहू नकोस. कामावर कुणाला सगळे मिळून टोचत असतील, तर डबा घेऊन त्याच्याशेजारी बस. एकटा भिडू नकोस, चर्चच्या मंडळीतले दोघे सोबत घे. आणि समोरच्याचा द्वेष डोक्यात चढला, तर आधी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 12 वा अध्याय वाच, मग तोंड उघड.