अमेरिकेत माजी सैनिकांची फी सरकार भरतं, मग कॉलेजात वेगळा समुपदेशक कशाला?
फी भरली की काम संपत नाही, म्हणून. माजी सैनिकांच्या शिक्षणासाठीच्या २००८च्या कायद्याखाली, म्हणजे जीआय बिलाखाली, ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा खर्च मिळतो, पण नियम किचकट. सत्राच्या मधेच विषय सोडला, तर पैसे परत मागणारं पत्र दारात येऊ शकतं. सुट्टीत घरभाड्याचा भत्ता बंद! पोरंबाळं असलेल्या तिशीतल्या माणसाला हे आधी सांगायचं कुणी? म्हणून माजी सैनिक खात्याने २००९मध्ये साउथ फ्लोरिडा विद्यापीठापासून सुरुवात करून आपले समुपदेशक थेट कॅम्पसवर बसवले. अपंगत्वाचे लाभ, नोकरी, मानसिक उपचार कुठे मिळतील, सगळी विचारपूस एकाच टेबलावर. घोडं अडतं ते संख्येवर: कॉलेजं हजारो, आणि असा समुपदेशक असलेली शंभरेक. कायदा करून ते वाढवा, ही मागणी त्यातूनच येते.